पहिल्या रांगेतला हळवा माणूस

माझा धाकटा भाऊ मंदार तांबट हा आमच्या रांजणपूर जिल्ह्यातला सर्वांत हळवा माणूस होता. हे मी कौतुकाने म्हणत नाही. कोर्टाने तसं मान्य केलेलं होतं, आणि श्रद्धा रक्षण समितीने शाल-श्रीफळ देऊन त्याबद्दल त्याचा जाहीर सत्कारही केला होता. सत्काराला त्याच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. तो फक्त कामावर असताना दुखावला जायचा.

त्याचं काम असं. शहरात कुठे व्याख्यान असलं, नाटक असलं, कविसंमेलन असलं, की समिती त्याला पहिल्या रांगेतलं तिकीट काढून द्यायची. हा इस्त्रीचा शर्ट घालून जायचा, हाताची घडी घालून बसायचा आणि देवाधर्माबद्दल कुणी वाकडा शब्द काढतोय का याची वाट पाहायचा. शब्द निघाला की दुसऱ्या दिवशी तक्रार, आणि पुढे तारीख लागली की मंदार कोर्टात हजर, डोक्याला पट्टी बांधून दुखावून दाखवायला. हळूहळू लोक त्याला ओळखायला लागले. पहिल्या रांगेत तो दिसला की कवी घाईघाईने खिशातला कागद बदलायचे आणि गुलमोहरावरची कविता म्हणायचे. त्या काळात आमच्याकडे गुलमोहरावर जेवढ्या कविता झाल्या तेवढी गुलमोहराची झाडंही नव्हती.

मी केतकी तांबट. जिल्हा कोर्टात वकिली करते, आणि बहुतेक आरोपीच्या बाजूने. भाऊ ज्यांना आत पाठवायचा त्यांना बाहेर ठेवायची खटपट बहीण करायची. कोर्टातल्या कँटीनमध्ये यावर भरपूर विनोद झाले. ते मी सगळे ऐकलेले आहेत, त्यामुळे नवे करू नयेत.

ही पट्टी म्हणजे काय ते आधी सांगते, कारण ज्यांनी तिच्यावर कायदा केला त्यांनाही ते नीट माहीत नव्हतं.

आपल्या मेंदूचे जे दोन अर्धे भाग असतात, त्यांच्या मधल्या फटीत, कपाळाच्या थोडा मागे, एक वाकडा पट्टा असतो. हात भाजला की तो जागा होतो. गंमत अशी की चारचौघांत कुणी अपमान केला, आपलं माणूस गेलं, तरी तोच पट्टा जागा होतो. म्हणजे ‘मनाला लागलं’ असं आपण म्हणतो ते मेंदूच्या लेखी खरोखरच लागलेलं असतं. राग आला तर हालचाल दुसरीकडे होते, मजा वाटली तर तिसरीकडे. मेंदूच्या पेशींमधून वीज धावते तेव्हा तिच्याभोवती चुंबकत्व तयार होतं, पण ते इतकं क्षीण की पूर्वी ते टिपायला खोलीएवढं यंत्र आणि पिंपभर द्रव हेलियम लागायचा. मग काचेच्या इवल्याशा कुपीत रुबिडियमची वाफ भरून, तिच्यातून लेझरचा किरण सोडून तेच काम करणारे संवेदक निघाले. ते इतके लहान झाले की कपाळाला बांधायच्या पट्टीत मावायला लागले. डॉ. लीना परुळेकर नावाच्या संशोधक बाईंनी त्यावरून ‘व्यथामापक’ तयार केला. पक्षाघाताने वाचा गेलेल्या रुग्णाला किती दुखतंय हे डॉक्टरांना कळावं, एवढाच त्यांचा हेतू होता. शून्य म्हणजे काही नाही, शंभर म्हणजे असह्य.

परुळेकर बाईंनी आपल्या शोधनिबंधाच्या शेवटी साफ लिहिलं होतं की किती दुखतंय हे पट्टी सांगते, कशामुळे दुखतंय हे सांगत नाही. आपल्याकडे शेवटचा परिच्छेद वाचायची पद्धत नाही.

सरकार तेव्हा धार्मिक भावना दुखावल्याच्या खटल्यांनी टेकीला आलं होतं. रोज कुणीतरी कुणाच्यातरी पोस्टने, पोस्टरने, पायजम्याने दुखावत होतं. म्हणून नवा कायदा आला. भावना दुखावल्या म्हणणाऱ्याने कोर्टात पट्टी बांधायची, ते आक्षेपार्ह शब्द त्याला पुन्हा ऐकवायचे, आणि आकडा साठच्या वर गेला तर गुन्हा सिद्ध. आरोपीला तीन वर्षं. खाली राहिला तर तक्रार रद्द. टीका करणाऱ्यांनीही पेढे वाटले आणि टीकेने दुखावणाऱ्यांनीही वाटले. विज्ञान आपल्या बाजूने आहे असं दोघांनाही वाटत होतं.

पहिलं वर्ष सोन्याचं गेलं. मोठमोठे धर्माभिमानी कपाळाला पट्टी लावून बसायचे, त्यांना ते पापी शब्द ऐकवले जायचे, आणि व्यथेचा आकडा पाच-सातच्या वर सरकायचा नाही. पडद्यावर मजेचा भाग मात्र दिवाळीसारखा उजळायचा. माणसाला तक्रार करताना किती सुख होतं ते मी तेव्हा रंगीत आलेखात पाहिलं. त्या वर्षी मी एकही खटला हरले नाही.

मग क्लास निघाले. स्पर्धा परीक्षांच्या क्लासशेजारीच, त्याच जिन्याने वर, ‘भावना संवर्धन वर्ग’. दरम्यान कायद्यात एक दुरुस्तीही झाली होती. मोबाइलवर पाहून अख्खे जिल्हे दुखावायला लागले, तेव्हा ज्याने ते शब्द जागेवर हजर राहून कानाने ऐकले त्याचीच व्यथा धरायची असं ठरलं. तेव्हापासून हजर राहून दुखावणाऱ्या माणसांना मागणी आली. सगळ्या धर्मांच्या समित्या एकाच गल्लीत होत्या आणि गरज पडली तर एकमेकांना माणसं उसनी द्यायच्या. दुखायला धर्म लागत नाही, असं एका निकालात म्हटलेलंच होतं. माझा भाऊ एकाच आठवड्यात दोन वेगवेगळ्या धर्मांसाठी दुखावलेला मी पाहिला आहे. सर्वधर्मसमभाव म्हणतात तो हाच असावा.

तो हे कसं करतो, ते त्याने मला भाऊबीजेला सांगितलं. मी ओवाळून ताट खाली ठेवलं, त्याने करंजी तोंडात टाकली आणि मोठ्या खुशीत म्हणाला, “ताई, लोकांना वाटतं अवघड आहे. काही अवघड नाही. डोळे मिटायचे आणि आईचा शेवटचा दिवस आठवायचा.”

“कसला दिवस?”

“अगं, हॉस्पिटलमधला. ती तुला हाक मारत होती आणि तू प्रवासात होतीस. मी तिचा हात धरून बसलो होतो, तो दिवस. ते तिकडे काय वाजवायचं ते वाजवू देत. मी आत आईजवळ असतो. बहात्तरच्या खाली येतच नाही.”

आई मला हाक मारत होती हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्याने ते इतकी वर्षं मला सांगितलं नव्हतं, आणि समितीसाठी मात्र दर तारखेला काढून वापरत होता. मी त्याला ताटावरून उठवलं. माझ्या दारात पुन्हा पाऊल टाकू नकोस म्हणाले. तो जाताना म्हणाला, “यात चिडण्यासारखं काय आहे? आईचं नुकसान काय झालं?”

मी ते कोर्टात सांगून पाहिलं. प्राध्यापक यास्मिन तडवी यांच्या खटल्यात मी उभी राहून म्हणाले की साक्षीदार भाषण ऐकून दुखावत नाही, स्वतःच्या आईला आठवून दुखावतो. सरकारी वकिलाने विचारलं, याला पुरावा? मंदारने शपथेवर सांगितलं की ताईचा काहीतरी गैरसमज झालाय. घरातलं बोलणं हा पुरावा नसतो, आकडा हा पुरावा असतो. तडवी बाईंनी भाषणात एवढंच म्हटलं होतं की बायकांना दाराबाहेर ठेवणाऱ्या देवळाची, दर्ग्याची पायरी चढायची आपल्याला गरज वाटत नाही. त्या आत गेल्या. मंदार बाहेर येऊन उसाचा रस प्यायला.

आईच्या श्राद्धाला मात्र त्याच्या घरी जावं लागलं. गुरुजी मंत्र म्हणत होते. मंदार पानावर तांदळाचे पिंड ठेवत होता आणि जांभई दाबत होता. उठल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, “ताई, एक सांगू? आई संपली.”

मला समजलंच नाही.

“पूर्वी नुसतं नाव काढलं तरी आकडा चढायचा. आता तो हात, ती हाक, सगळं आठवतं, पण काही होत नाही. मागच्या तारखेला एकसष्टवर वाचलो.”

यालाही शास्त्र आहे, आणि तेही परुळेकर बाईंच्या त्याच न वाचलेल्या परिच्छेदात आहे. आठवण जितक्या वेळा मुद्दाम वर काढावी तितक्या वेळा मेंदू ती पुन्हा नव्याने ठेवतो, आणि दर वेळी तिची धार थोडी बोथट करून ठेवतो. भीतीने पछाडलेल्या रुग्णांना याच पद्धतीने बरं करतात. माझ्या भावाला आईच्या मरणापासून समितीच्या खर्चाने बरं केलं गेलं होतं. मला त्याची इतकी किळस आली की श्राद्धाचं जेवण न घेता मी निघून आले.

पण पुढे एक कोडं पडलं. पुढच्या महिन्यात दोन तारखा होत्या. त्या दोन्हीला त्याचा आकडा ऐंशीच्या वर गेला, आणि पुढचे कित्येक महिने तसाच जात राहिला. आई संपली होती, तर आता आत कोण होतं?

ते मला त्याच्या मुलीच्या, रेवाच्या लग्नात समजलं.

रेवा माझी भाची, एकुलती एक. लग्न श्री रांजणेश्वराच्या देवळामागच्या कार्यालयात झालं. देवळाच्या ट्रस्टचे आणि श्रद्धा रक्षण समितीचे अध्यक्ष एकच, आबासाहेब मुळीक. त्यांनी त्याच उन्हाळ्यात गाभाऱ्यात एसी बसवला होता आणि भक्तांची रांग सावली नसलेल्या अंगणात नेली होती. ज्याच्याकडे खास पास आहे तो मागच्या दाराने थेट आत. लग्नाला आलेल्या म्हाताऱ्या दर्शनाला म्हणून गेल्या आणि लालबुंद होऊन परतल्या. एकीला चक्कर आली.

पंगतीत घास भरवायची वेळ झाली. “नाव घे, नाव घे,” असा गलका झाला. रेवाने जिलबीचा तुकडा हातात धरला, एकदा त्या पदराने वारा घेणाऱ्या म्हातारीकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात उखाणा घेतला:

“गाभाऱ्यात देवाला एसीचा वारा,
रांगेतल्या म्हातारीला घामाच्या धारा,
देवा, पास नसेल तर तूही थांब बाहेर जरा,
अर्णवरावांचं नाव घेते, शब्द माझा खरा!”

अख्खी पंगत हसली. सर्वांत आधी आबासाहेब हसले. व्हिडिओत ते अगदी स्पष्ट दिसतं. तोंडात जिलबी आहे आणि पोट हलतंय.

पाठवणीच्या वेळी सगळे रडले. सोनाली, माझी भावजय, तिला तर आवरेना. मीसुद्धा रडले, आणि मी कोर्टात लोकांना रडवणारी बाई आहे. मंदार मात्र गाडीच्या दाराशी कोरडा ठणठणीत उभा होता. रेवा त्याच्या गळ्यात पडली, तेव्हा त्याने तिची पाठ थोपटली, बँकेत कुणाला तरी ‘होईल काम’ म्हणतात तशी.

गाडीत बसायच्या आधी ती माझ्या कानात म्हणाली, “आत्या, बाबांना काहीच कसं झालं नाही गं? मी काय त्यांची कुणीच नाही?”

तिला जवळ घेतलं आणि त्याच क्षणी मला उलगडलं. रेवाला निरोप देणं त्याला नवीन नव्हतं. त्याने तिला आधीच कितीतरी वेळा पाठवून दिलं होतं, आणि सासरी नाही. मी मंदारकडे पाहिलं. त्याने नजर खाली घातली. एवढं पुरे होतं.

चार दिवसांनी रेवावर गुन्हा दाखल झाला. उखाण्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला होता, लोक एसीच्या खर्चाबद्दल विचारायला लागले होते, आणि ट्रस्टची निवडणूक तोंडावर होती. तोंडात जिलबी घेऊन हसलेल्या आबासाहेबांची श्रद्धा मग झोपेतून दचकून जागी झाली. हजर राहून ऐकणाऱ्यांनाच पट्टी लावायची, या दुरुस्तीमुळे पोलिसांनी पंगतीतल्या एकेकाला बोलावलं. आचारी, फोटोग्राफर, रेवाची सासू, चक्कर आलेली ती म्हातारी. म्हातारीचा आकडा तीन आला, आणि ती म्हणाली, “पोरगी माझ्या वतीनं बोलली, मला कशाला दुखंल?” आबासाहेबांनी स्वतः पट्टी लावून घेतली. व्यथा शून्य. मजेचा आलेख मी फ्रेम करून लावणार होते, पण परवानगी मिळाली नाही.

एकच माणूस उरला होता, नवरीचा बाप. आबासाहेबांनी तो हुकमी एक्का शेवटासाठी राखून ठेवला होता. ते मला कोर्टाच्या पायऱ्यांवर भेटले.

“वकीलबाई, बापानं धर्मासाठी पोटच्या पोरीविरुद्ध साक्ष द्यायची, म्हणजे काय त्याग आहे बघा. फ्लेक्स छापायला टाकलेत.”

“आणि पोरगी आत गेली तर?”

“धंदा वेगळा, घर वेगळं. मंदारला ते पक्कं समजतं. त्याला आम्ही ट्रस्टवर घेतोय.”

मंदार त्याच संध्याकाळी माझ्या ऑफिसात आला. बसायला मी सांगितलं नाही, तरी बसला.

“ताई, मी साक्षीला येतोय. तू हरकत घेऊ नकोस.”

“बाहेर हो, मंद्या.”

“ऐकून तर घे. मी नाही म्हटलं तर समन्स काढून नेतीलच. आणि मी एकटाच उरलोय. माझा आकडा खाली आला की केस तिथेच संपली. कायमची.”

“आणि तो खाली कसा येणार? जिल्ह्यातला सर्वांत हळवा माणूस ना तू?”

तो टेबलावरच्या पेपरवेटशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, “आता माझ्यात काही उरलेलं नाही. आई गेली, मग… मग दुसरं जे होतं तेही गेलं. लग्नाआधीच्या शेवटच्या तारखा बळेच ओढल्या. आता मला काही म्हणजे काही होत नाही. लग्नात बघितलंस ना तू? त्याचाच उपयोग होतोय तर होऊ दे की.”

“दुसरं म्हणजे कोण, ते सांग.”

“ते नको विचारू.”

“मला माहीत आहे. तुझ्या तोंडून ऐकायचंय.”

तो उठला. दाराशी थांबून म्हणाला, “शून्य दाखवतो. माझा शब्द आहे.” त्याच्या शब्दाला माझ्या लेखी कवडीची किंमत नव्हती. पण माणूस आतून मेलाय, यावर मात्र माझा पूर्ण विश्वास बसला. म्हणून मी हरकत घेतली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी भावाच्या निर्लज्जपणावर भरवसा ठेवून केस उभी केली.

तारखेला कोर्ट गच्च भरलं होतं. बाहेर फ्लेक्स होते, मंदारचा शालीतला फोटो आणि खाली ‘धर्मवीर पिता’. रेवा आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती. हातातला हिरवा चुडा अजून उतरला नव्हता. अर्णव आणि सोनाली मागच्या बाकावर बसले होते. साक्षीदाराचा पिंजरा आमच्या कोर्टात आरोपीच्या बरोबर समोर आहे, मध्ये फक्त माझं टेबल.

मंदार आला, शपथ घेतली. तंत्रज्ञाने त्याच्या कपाळाला पट्टी बांधली. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर आकडा उमटला, दोन. मंदारने माझ्याकडे पाहून किंचित मान हलवली. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

सरकारी वकिलाने उखाणा लावला. गाभाऱ्यात देवाला एसीचा वारा. रेवाचा तो खणखणीत आवाज भरल्या कोर्टात घुमला, मागे पंगतीचा हशा. आकडा तीन. पाच. मी पेनाचं टोपण लावायला घेतलं.

मग तो वीस झाला. चाळीस. साठची लाल रेघ त्याने ओलांडली तेव्हा मागच्या बाकांवर टाळी पडली. सत्तर. शहाऐंशी. एक्क्याण्णववर तो थांबला आणि तिथेच राहिला. उखाणा संपला, हशा संपला, तरी आकडा खाली येईना. आबासाहेबांनी हात जोडून छताकडे पाहिलं.

मला वाटलं, यानं विकलं. ट्रस्टवरच्या खुर्चीसाठी यानं पोरगी विकली. इतकी चीड मला आयुष्यात कधी आली नव्हती. मी उलटतपासणीला उभी राहिले तेव्हा मला केस वाचवायची नव्हती, त्याला फक्त सर्वांसमोर नागडं करायचं होतं.

“साक्षीदार, पट्टी लावली की तुम्ही डोळे मिटता आणि मनातल्या मनात कुणाला तरी मारता. आधी स्वतःच्या आईला मारत होतात. आज कुणाला मारलंत?”

सरकारी वकील हरकत घ्यायला उठला. जज्जसाहेब म्हणाले, “साक्षीदाराने उत्तर दिलं नाही तरी चालेल. स्वतःला अडचणीत आणणारं उत्तर देण्याची सक्ती नाही.”

मंदार गप्प राहिला तर धर्मवीर आणि ट्रस्टी. बोलला तर आजवरच्या सगळ्या साक्षी खोट्या, म्हणजे तुरुंग. माझ्या भावाला हा हिशेब सोपा होता आणि तो काय निवडणार हे मला माहीत होतं.

“आज कुणालाच नाही, ताई,” तो म्हणाला. “आज डोळे मिटलेच नाहीत.”

तो जज्जसाहेबांकडे वळला.

“साहेब, मी शून्य दाखवायला आलो होतो. मला वाटलं, आता काही शिल्लक नाही. मी दर वेळी हिला डोळे मिटून बघायचो, आता ही समोर उघड्या डोळ्यांना दिसतेय. चुडा घालून उभी आहे. ते उखाण्याचं मला काही नाही साहेब, उखाणा चांगलाय. आजवरचं एकही मला लागलं नव्हतं. ना त्या प्राध्यापक बाईंचं, ना कुणाचं. आधी आई वापरली. ती संपल्यावर…”

आबासाहेब मोठ्याने म्हणाले की साक्षीदाराच्या डोक्यावर परिणाम झालाय. सरकारी वकीलही म्हणाला की आकडा पुरावा आहे, बोलणं नाही. आम्ही तेच वाक्य इतकी वर्षं ऐकत आलो होतो.

पण आमचे जज्जसाहेब निवृत्तीला आले होते आणि त्यांना आता कुणाची भीती उरली नव्हती. ते म्हणाले, “मग आकड्यालाच विचारू. साक्षीदाराचं तोंड भिंतीकडे करा.”

मंदारला भिंतीकडे वळवलं. आकडा खाली यायला बराच वेळ लागला. तो दहाच्या आत आल्यावर उखाणा पुन्हा लावला. देवा, पास नसेल तर तूही थांब बाहेर जरा. पडद्यावर सात. पुन्हा लावला. सहा. सरकारी वकिलाच्या हातातला कागद खाली आला.

“आता उखाणा बंद,” जज्जसाहेब म्हणाले. “काहीही ऐकवू नका. साक्षीदाराला वळवा.”

मंदार वळला. समोर रेवा होती. आकडा सरळ नव्वदच्या पार गेला.

केस तिथे संपली, कायदाही तिथेच संपायला लागला हे आम्हाला नंतर समजलं. जज्जसाहेबांनी रेवाला सोडल्याचं आणि मंदारला ताब्यात घेण्याचं एकाच दमात सांगितलं. तडवी बाईंचा खटला पुन्हा उघडावा, असंही त्यांनी स्वतःहून लिहून घ्यायला लावलं. आबासाहेब बाहेर पडता पडता शेजारच्याला म्हणाले, “असा हळवा माणूस पुन्हा मिळायचा नाही.” त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. त्यांना पट्टी लावून पाहायला हवी होती.

मला आनंद झाला नाही. मी टेबलावरचे कागद गोळा करत होते आणि भावाकडे बघायचं टाळत होते, कारण इतकी वर्षं जपलेला माझा तिरस्कार मला त्याच्यावर टाकता येत नव्हता. हवालदार त्याच्याजवळ गेला. तंत्रज्ञ पट्टी सोडायला पुढे झाला.

“थांबा,” रेवा म्हणाली.

ती पिंजऱ्यातून उतरली होती, पण बापाकडे गेली नाही. तिथेच उभी राहिली. ती हुशार मुलगी आहे. ‘ती संपल्यावर’च्या पुढे काय होतं, ते तिला कुणी सांगावं लागलं नव्हतं.

“बाबा, तुम्ही डोळे मिटल्यावर मी कशी मरायचे?”

मंदारने पिंजऱ्याचा कठडा धरला.

“दर वेळी वेगळी, की एकसारखीच?”

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याने डोळे मिटले नाहीत. पट्टी अजून त्याच्या कपाळावरच होती, आणि मागच्या भिंतीवर आकडा चढत होता. जज्जसाहेबांनी एकदा वर पाहिलं, मग तंत्रज्ञाला हाताने खूण करून तो पडदा बंद करायला सांगितला.